ऑटोकॅड अपग्रेड केल्यावर नेहमीच्या कमांड सापडत नाहीत? शोधायच्या कशा आणि परत बसवायच्या कशा

जुन्या ऑटोकॅडवर हात बसलेला माणूस नव्या आवृत्तीवर आला की घाईत तीन गोष्टी करतो. जुनी आवृत्ती लगेच काढून टाकतो, जुनी मेनू फाइल उचलून नव्यात घालतो आणि मग एकेक टूलबार शोधत बसतो. या तिन्हींमुळे काम वाढतं. नव्या आवृत्तीतून कमांड क्वचितच काढून टाकलेली असते. तिचं बटण हललेलं असतं, डायलॉग बदललेला असतो किंवा एखाद्या सिस्टिम व्हेरिएबलची (ऑटोकॅडचं वागणं ठरवणाऱ्या सेटिंगची) किंमत वेगळी असते. यातलं नेमकं काय झालंय ते आधी ओळखायचं, मगच दुरुस्ती करायची.

हा लेख विंडोजवरच्या ऑटोकॅडसाठी आहे. २०१० ते २०१४च्या आसपासच्या आवृत्तीवरून २०२१ किंवा पुढच्या आवृत्तीवर येणाऱ्यांना तो सर्वात उपयोगी पडेल. एलटीमध्ये (ऑटोकॅडच्या कमी सोयींच्या, स्वस्त प्रकारात) फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे. कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत, एकेरी अवतरणात दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाकायची.

## टप्पा १: जुनी आवृत्ती काढण्याआधी

जुनी आणि नवी आवृत्ती एकाच मशीनवर शेजारी शेजारी राहू शकतात. नव्यावर एक पूर्ण प्रोजेक्ट प्लॉट होईपर्यंत जुनी काढू नका. मायग्रेशनचं (जुनी सेटिंग्ज नव्या आवृत्तीत आणायचं) टूल त्याच मशीनवरच्या जुन्या आवृत्तीची सेटिंग्ज शोधतं. ती पुसून टाकली की हातात काही उरत नाही.

जुन्या आवृत्तीत बसून एका फोल्डरमध्ये हे जमा करा:

- प्रोफाइल: ‘ऑप्शन्स’ उघडा, प्रोफाइल्स टॅबवर जा, चालू प्रोफाइल निवडा आणि एक्स्पोर्ट करा. एआरजी फाइल तयार होते.
- मेनू फाइल: ‘एकॅड.सीयूआयएक्स’ आणि ‘कस्टम.सीयूआयएक्स’. ऑफिसची वेगळी सीयूआयएक्स असेल तर तीही.
- शॉर्टकटची फाइल: ‘एकॅड.पीजीपी’. एलटीमध्ये तिचं नाव ‘एकॅडएलटी.पीजीपी’ असतं.
- प्लॉटिंगच्या फाइली: ‘स्टाइल्समॅनेजर’ कमांड दिली की सीटीबी आणि एसटीबी, म्हणजे प्लॉट स्टाइलच्या फाइलींचं फोल्डर उघडतं. ‘प्लॉटरमॅनेजर’ने पीसी३चं, म्हणजे प्लॉटरच्या सेटिंग्जचं उघडतं. पीएमपी फाइली त्याच्याच आतल्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि बरेच जण त्या विसरतात. स्वतः बनवलेले कागदाचे आकार त्यांच्यातच साठवलेले असतात.
- बाकीचं: टेम्प्लेट, लिस्प फाइली (ऑटोकॅडमध्ये चालणारे छोटे प्रोग्राम), बाहेरून आणलेले हॅच पॅटर्न, लाइनटाइप, एसएचएक्स फॉन्ट आणि टूल पॅलेट.

फाइल कुठे आहे ते माहीत नसेल तर कमांड लाइनवर ‘(फाइंडफाइल "एकॅड.पीजीपी")’ टाइप करा, कंस आणि दुहेरी अवतरणचिन्हांसकट. पूर्ण पाथ छापून येतो. मशीनवर त्याच नावाच्या फाइली चार ठिकाणी असू शकतात. ऑटोकॅड प्रत्यक्षात वापरतं ती हीच, म्हणून विंडोजच्या सर्चवर विसंबू नका. २०२४च्या आधीच्या एलटीत लिस्प चालत नाही. तिथे ‘ऑप्शन्स’च्या फाइल्स टॅबमध्ये पाथ बघा.

आता दोन गोष्टी कागदावर. पहिली, तुम्ही रोज खरोखर वापरता त्या कमांडची यादी: आधी शॉर्टकट, समोर कमांडचं पूर्ण नाव. बहुतेकांची यादी तीस-चाळीसच्या पुढे जात नाही. दुसरी, या व्हेरिएबलच्या जुन्या किमती: ‘पिकॲड’, ‘पिकऑटो’, ‘पिकफर्स्ट’, ‘फाइलडाया’, ‘एटीटीडाया’, ‘मिररटेक्स्ट’ (स्पेलिंगमध्ये मिररची पहिली चारच अक्षरं), ‘कॉपीमोड’, ‘ओएसमोड’, ‘डायनमोड’, ‘शॉर्टकटमेनू’. नाव टाइप करून एंटर दिला की चालू किंमत दिसते. ती लिहून घ्या आणि एस्केप दाबा. एक्स्प्रेस टूल्स (ऑटोकॅडसोबतचा जादा कमांडचा संच) असतील तर ‘सिसव्हीडीएलजी’मधून सगळ्या व्हेरिएबलची यादी एकाच फाइलमध्ये सेव्ह करता येते. शेवटी, टूलबार लावलेल्या पूर्ण स्क्रीनचा एक फोटो काढून ठेवा.

तपासा: महापालिकेच्या ऑनलाइन मंजुरीसाठी प्री-डीसीआरसारखं प्लगइन वापरत असाल तर ते नव्या आवृत्तीवर चालतं का, हे अपग्रेडच्या आधीच पुरवठादाराला विचारा. ऑटोकॅडवर चढणारी प्लगइन ठरावीक आवृत्त्यांसाठीच बांधलेली असतात. २०२५मध्ये ऑटोकॅड डॉटनेट ८वर गेलं, त्यामुळे आधीची डॉटनेट प्लगइन नव्याने बांधून घ्यावी लागतात.

## टप्पा २: मायग्रेशन, पण निवडून

नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडताना जुनी सेटिंग्ज आणायची का, असं विचारलं जातं. खिडकी घाईत बंद केली असेल तरी बिघडत नाही. विंडोजच्या स्टार्ट मेनूत ऑटोकॅडच्या फोल्डरखाली ‘मायग्रेट फ्रॉम अ प्रीव्हियस रिलीज’ असतं, तिथून पुन्हा चालवता येतं.

त्याच फोल्डरमध्ये सेटिंग्ज एक्स्पोर्ट आणि इम्पोर्ट करायचेही पर्याय आहेत. ते एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर, पण *त्याच* आवृत्तीत नेण्यासाठी आहेत. २०१४मधून एक्स्पोर्ट करून २०२४मध्ये इम्पोर्ट करायला गेलात तर जमणार नाही.

यादीत प्लॉटर, प्लॉट स्टाइल, टूल पॅलेट आणि टेम्प्लेट या गोष्टी बिनधास्त आणा. मेनू आणि टूलबारच्या बाबतीत थांबून विचार करा. दोन-तीन आवृत्त्यांचंच अंतर असेल तर आणा. २०१४सारख्या जुन्यावरून येत असाल तर ती खूण काढा आणि हवं तेवढंच टप्पा ४मध्ये हाताने आणा. जुनी आवृत्ती यादीत दिसतच नसेल तर सगळंच हाताने आणावं लागेल. आपण फाइली जमा केल्या त्या याचसाठी.

सावधान: जुनी ‘एकॅड.सीयूआयएक्स’ नव्या फाइलवर कॉपी करू नका आणि ‘ऑप्शन्स’मध्ये मुख्य मेनू फाइल म्हणूनही तिचा पाथ देऊ नका. पडदा ओळखीचा दिसतो, म्हणून ही चूक पहिल्या दिवशी कळत नाही. नंतर मात्र नव्या कमांडची बटणं आणि टॅब कुठेच सापडत नाहीत, कारण जुन्या फाइलला त्यांचा पत्ताच नसतो.

## टप्पा ३: कमांडचं नेमकं काय झालंय ते ओळखा

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि लोक नेमका हाच गाळतात. सापडत नसलेली कमांड शोधत रिबनभर, म्हणजे वरच्या बटणांच्या पट्टीभर माऊस फिरवू नका. तिचं पूर्ण नाव कमांड लाइनवर टाइप करा. शॉर्टकट नको, पूर्ण नाव.

कमांड लाइनच दिसत नसेल तर कंट्रोल आणि ९ दाबा. दिसली, पण तुम्ही टाइप केलेलं देवनागरीत उमटतंय? शीर्षकचौकटीत मराठी मजकूर भरल्यावर कीबोर्ड मराठीवरच राहिलेला आहे. विंडोज की आणि स्पेसबार दाबून इंग्रजीवर या. अपग्रेडनंतर एकही शॉर्टकट चालत नाही, अशी तक्रार आली की आधी हे बघून घ्यावं.

आता चारपैकी एक गोष्ट घडेल.

1. कमांड नेहमीसारखी सुरू झाली. म्हणजे फक्त बटण हरवलंय. टप्पा ४.
2. सुरू झाली, पण वेगळी वागते किंवा वेगळी खिडकी उघडते. टप्पा ५.
3. ‘अननोन कमांड’ असं आलं. ती कमांड बहुधा ऑटोकॅडची नव्हतीच. लिस्पची, प्लगइनची किंवा एक्स्प्रेस टूल्सची होती. टप्पा ६. पूर्ण नाव चाललं आणि फक्त शॉर्टकट अडला, तरी टप्पा ६.
4. खिडकी न उघडता कमांड लाइनवरच फाइलचं नाव विचारलं. ‘फाइलडाया’ ० झालंय, ते १ करा. एखादी स्क्रिप्ट किंवा लिस्प मध्येच बंद पडली की हे होतं, अपग्रेडशी त्याचा संबंध नसतो. ब्लॉक टाकताना ॲट्रिब्यूट कमांड लाइनवर विचारले जात असतील तर ‘एटीटीडाया’ १ करा.

यादीतल्या प्रत्येक कमांडपुढे १ ते ४ यांपैकी आकडा लिहा. अर्ध्या तासात यादी संपते आणि काय दुरुस्त करायचंय ते स्पष्ट होतं. बहुतेकांच्या यादीत १ सर्वात जास्त वेळा येतो.

## टप्पा ४: बटण शोधणं आणि पडदा लावणं

### आधी जे झाकलं गेलंय ते उघडा

- रिबन दिसत नसेल तर ‘रिबन’ टाइप करा. नुसती नावांची पट्टी दिसत असेल तर ती मिटलेली आहे. कुठल्याही टॅबवर दोनदा क्लिक करत राहा, ती टप्प्याटप्प्याने उलगडते.
- एखादं पॅनेल गायब असेल तर रिबनवर राइट क्लिक करून ‘शो पॅनेल्स’ आणि ‘शो टॅब्ज’ बघा. पॅनेलच्या नावाशेजारच्या छोट्या बाणाखालीही बरीच बटणं दडलेली असतात.
- जुना फाइल-एडिट-व्ह्यू मेनू हवा असेल तर ‘मेनूबार’ची किंमत १ करा.
- मॉडेल आणि लेआउटचे टॅब नसतील तर ‘लेआउटटॅब’ १ करा.
- स्टेटस बारवर स्नॅप, ऑर्थो किंवा कोऑर्डिनेट्स नसतील तर उजव्या टोकाच्या तीन आडव्या रेघांवर क्लिक करून हव्या त्या नावांवर खूण करा. २०१५पासून तिथे शब्द जाऊन चित्रं आली, आणि कोऑर्डिनेट्स सुरुवातीला बंदच असतात.
- सगळंच गायब झालं असेल तर कंट्रोल आणि ० दाबलं गेलंय. पुन्हा दाबा.

### मग बटणाची नवी जागा

दोन रस्ते आहेत. डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या मोठ्या ‘ए’वर क्लिक करा आणि उघडलेल्या चौकटीत कमांडचं नाव टाका. ती कुठल्या टॅबच्या कुठल्या पॅनेलमध्ये आहे ते दिसतं आणि तिथूनच ती चालवताही येते. दुसरा रस्ता मदतीचा. एफ१ दाबून कमांडचं पान काढा आणि तिथला ‘फाइंड’ दाबा. पडद्यावर हलता बाण येऊन थेट त्या बटणाकडे बोट दाखवतो. बटण चालू वर्कस्पेसमध्ये (पडद्यावरच्या सध्याच्या मांडणीत) नसेल तर बाण येत नाही. मग स्टेटस बारवरच्या दातेरी चाकावरून ‘ड्राफ्टिंग अँड ॲनोटेशन’ निवडा आणि पुन्हा बघा.

### क्लासिक पडदा पुन्हा बांधायचा असेल तर

‘ऑटोकॅड क्लासिक’ हा तयार वर्कस्पेस २०१५मध्ये काढला गेला. टूलबार मात्र काढलेले नाहीत, त्यामुळे तो पडदा पुन्हा बांधता येतो. क्रम असा ठेवा:

1. ‘मेनूबार’ १.
2. टूल्स मेनूतून टूलबार्स, त्यातून ऑटोकॅड. यादीतून ‘स्टँडर्ड’ निवडा. एक टूलबार आला की त्याच्यावर राइट क्लिक करून बाकीचे घ्या: लेयर्स, प्रॉपर्टीज, स्टाइल्स, ड्रॉ, मॉडिफाय, डायमेन्शन.
3. मगच ‘रिबनक्लोज’. हे सर्वात आधी केलंत तर मेनूही नाही आणि रिबनही नाही, असे अडकाल.
4. टूलबार जागेवर लावून झाले की ‘लॉकयूआय’ने किंवा स्टेटस बारवरच्या कुलपाने त्यांची जागा पक्की करा.
5. ‘डब्ल्यूएससेव्ह’ देऊन नव्या नावाने सेव्ह करा. हे राहिलं तर वर्कस्पेस एकदा बदलताच सगळी मेहनत जाते.

आमचा सल्ला असा की रिबन पूर्ण बंद करू नका, नुसती मिटवून टॅबपुरती ठेवा. नव्या आवृत्त्यांत भर पडलेल्या बऱ्याच गोष्टींना टूलबारच नाही. असोसिएटिव्ह ॲरे (सगळ्या प्रती मिळून एकच वस्तू असलेला) दुरुस्त करणंही रिबनशिवाय कमांड लाइनवरच्या पर्यायांतून करावं लागतं.

जुन्या ऑफिसचा स्वतः बनवलेला टूलबार हवा असेल तर ‘सीयूआय’ टाइप करा आणि ट्रान्सफर टॅबवर जा. एका बाजूला जुनी सीयूआयएक्स उघडा, दुसऱ्या बाजूला नवी ‘कस्टम.सीयूआयएक्स’, आणि फक्त तो टूलबार ओढून आणा. तो ‘एकॅड.सीयूआयएक्स’मध्ये टाकू नका, वेगळाच ठेवा. पुढच्या अपग्रेडला एवढी एक फाइल नेली की काम भागतं.

तपासा: बटणाचं चित्र ढगासारखं किंवा प्रश्नचिन्हासारखं दिसत असेल तर त्याची बिटमॅप फाइल सापडलेली नाही. बटण चालतं. चित्राच्या फाइलींचं फोल्डर ‘ऑप्शन्स’च्या फाइल्स टॅबमध्ये ‘कस्टम आयकॉन लोकेशन’खाली द्या.

## टप्पा ५: नाव तेच, वागणूक वेगळी

या गटाने ड्रॉइंग बिघडू शकतं, म्हणून इथे घाई नको.

### ट्रिम आणि एक्स्टेंड

२०२१पासून या दोन्ही कमांड ‘क्विक’ पद्धतीने चालतात. जुनी सवय आठवा: ‘टीआर’, एंटर, सगळ्याच वस्तू कापायच्या कडा मानायच्या म्हणून पुन्हा एंटर, मग क्लिक. क्विक पद्धतीत सगळ्या वस्तू आपोआपच कडा मानल्या जातात. त्यामुळे दुसऱ्या एंटरने कमांड संपते, आणि पुढचं क्लिक रेघ कापण्याऐवजी नुसती निवडतं.

याहून मोठी अडचण पुढे आहे. क्विक पद्धतीत ज्या वस्तूला कुठलीच कड छेदत नाही तिच्यावर क्लिक केलं तर ती अख्खी पुसली जाते. भिंतीची रेघ दाराच्या चौकटीला टेकायला मिलिमीटरभर कमी पडत असेल तर तुम्हाला वाटतं तुकडा कापला, प्रत्यक्षात पूर्ण रेघ गेलेली असते. दाट प्लॅनमध्ये हे लगेच लक्षात येत नाही.

जुनी पद्धत हवी असेल तर ‘ट्रिमएक्स्टेंडमोड’ ० करा. तेवढ्यापुरती हवी असेल तर ट्रिम चालू असताना ‘ओ’ देऊन ‘स्टँडर्ड’ निवडा. क्विकच ठेवून ठरावीक कडा द्यायच्या असतील तर ‘टी’ द्या. शिफ्ट धरून क्लिक केलं की ट्रिमचं एक्स्टेंड होतं, हे दोन्ही पद्धतींत तसंच आहे.

### ॲरे

२०१२पासून ॲरेचा डायलॉग उघडत नाही. ‘ॲरेक्लासिक’ टाइप केलं की जुना डायलॉग येतो. नव्या पद्धतीत सगळ्या प्रती मिळून एकच वस्तू होते आणि मग एक कॉलम वेगळा हलवता येत नाही. नव्या पद्धतीनेच सुट्या प्रती हव्या असतील तर आधी ‘ॲरेअसोसिएटिव्हिटी’ ० करा.

### इन्सर्ट, हॅच, लेयर

२०२०पासून ‘इन्सर्ट’ने ब्लॉक्सचं पॅलेट उघडतं. जुनी छोटी खिडकी ‘क्लासिकइन्सर्ट’ने मिळते.

हॅचचा डायलॉग ‘एचपीडीएलजीमोड’वर अवलंबून आहे. त्याची मूळ किंमत २ असते: रिबन चालू असेल तर रिबनवरचा टॅब, बंद असेल तर डायलॉग. नेहमी डायलॉगच हवा तर १ करा. एकदाच हवा असेल तर हॅच सुरू करून ‘टी’ द्या.

लेयरची जुनी खिडकी ‘क्लासिकलेयर’ने आणि एक्सरेफची (बाहेरून जोडलेल्या ड्रॉइंगची) ‘क्लासिकएक्सरेफ’ने उघडते. लेयरच्या बाबतीत नवं पॅलेटच वापरावं असं आम्हाला वाटतं, कारण ते उघडं ठेवून ड्रॉइंग करता येतं. एमटेक्स्टची फॉरमॅटिंग पट्टी हवी असेल तर ‘एमटेक्स्टटूलबार’ १.

### निवडण्याच्या सवयी

- चौकटीऐवजी वेडावाकडा फास पडतो: २०१५पासून बटण दाबून ओढलं की लासो होतो. क्लिक करून बटण सोडा, मग दुसरा कोपरा द्या. लासो नकोच असेल तर ‘ऑप्शन्स’च्या सिलेक्शन टॅबमध्ये ‘प्रेस अँड ड्रॅग फॉर लासो’समोरची खूण काढा.
- दुसरी वस्तू निवडली की पहिली सुटते: ‘पिकॲड’ २ करा.
- आधी निवडून मग कमांड दिली तर निवड सुटते: ‘पिकफर्स्ट’ १ करा.
- राइट क्लिकने एंटर होत नाही, मेनू येतो: ‘ऑप्शन्स’मध्ये यूजर प्रेफरन्सेस, तिथे ‘राइट-क्लिक कस्टमायझेशन’. वेळेवर ठरणारा पर्याय घेतलात तर पटकन क्लिक म्हणजे एंटर आणि थोडं धरलं की मेनू, असं दोन्ही मिळतं.
- कोऑर्डिनेट टाइप केला तर बिंदू भलतीकडे पडतो: डायनॅमिक इनपुट चालू असताना दुसरा बिंदू मागच्या बिंदूपासून मोजला जातो. मूळ बिंदूपासून मोजायचा असेल तर आकड्याआधी हॅश चिन्ह द्या, किंवा एफ१२ने ते बंद करा.

सावधान: सगळी व्हेरिएबल एकाच जागी साठत नाहीत. ‘पिकॲड’, ‘फाइलडाया’, ‘ट्रिमएक्स्टेंडमोड’ मशीनवर साठतात, एकदा बदलली की सगळ्या ड्रॉइंगना लागू. ‘मिररटेक्स्ट’, ‘एलटीस्केल’ आणि डायमेन्शनची व्हेरिएबल मात्र ड्रॉइंगमध्ये साठतात. ती उघड्या फाइलमध्ये बदलून उपयोग नाही, उद्या नवं ड्रॉइंग उघडलं की पुन्हा तेच. ती टेम्प्लेटमध्ये बदला आणि ‘ऑप्शन्स’च्या फाइल्स टॅबमध्ये ‘क्यून्यू’साठी तोच टेम्प्लेट नेमून द्या.

## टप्पा ६: शॉर्टकट, लिस्प आणि एक्स्प्रेस टूल्स

पीजीपी. जुनी फाइल नव्यावर टाकू नका, नव्या कमांडचे शॉर्टकट जातील. मॅनेज टॅबवरच्या ‘एडिट एलियासेस’ने नवी फाइल उघडा आणि तळाशी फक्त स्वतःच्या ओळी चिकटवा. ओळीची रचना अशी: शॉर्टकट, स्वल्पविराम, तारांकन आणि त्याला जोडून कमांडचं नाव. एकाच शॉर्टकटच्या दोन ओळी असतील तर खालची लागू होते. म्हणून वरच्या मूळ ओळींना हात लावायची गरज नाही. ‘एआर’ला ‘ॲरेक्लासिक’ आणि ‘आय’ला ‘क्लासिकइन्सर्ट’ जोडायचं असेल तर तेही इथेच. फाइल सेव्ह करा, ‘रीइनिट’ द्या, पीजीपीसमोर खूण करा आणि ओके.

शॉर्टकट बरोबर लिहूनही भलतीच कमांड सुरू होते? ऑटोकरेक्टने तुमचं जुनं चुकीचं टायपिंग लक्षात ठेवून दुसऱ्या कमांडला जोडलेलं असू शकतं. ‘इनपुटसर्चऑप्शन्स’ उघडून ऑटोकरेक्ट बंद करा. तिथेच ‘मिड-स्ट्रिंग सर्च’ची खूण काढली की सूचनांची यादी आटोपशीर होते.

लिस्प. क्रम पाळा. लिस्प फाइली एका फोल्डरमध्ये ठेवा. ‘ऑप्शन्स’च्या फाइल्स टॅबमध्ये तो ‘सपोर्ट फाइल सर्च पाथ’मध्ये आणि ‘ट्रस्टेड लोकेशन्स’मध्ये द्या. दुसरं राहिलं की दर वेळी सुरक्षेचा इशारा येतो. तो टाळायला लोक ‘सिक्युअरलोड’ ० करतात, तसं करू नका. बाहेरून आलेल्या ड्रॉइंगसोबतची कुठलीही लिस्प मग न विचारता चालेल. मग ‘ॲपलोड’ देऊन खालच्या सूटकेसच्या चित्राखाली, म्हणजे स्टार्टअप सूटमध्ये फाइली घाला.

लोड झाली, पण अक्षरं विचित्र दिसतात किंवा मध्येच चूक दाखवते? २०२१पासून लिस्प युनिकोड पद्धतीने चालते. ‘लिस्पसिस’ ० करा, ऑटोकॅड बंद करून पुन्हा उघडा आणि मग तपासा. न उघडता तपासलं तर काहीच बदललेलं दिसणार नाही.

एक्स्प्रेस टूल्स. टॅब दिसत नसेल तर ‘एक्स्प्रेसटूल्स’ टाइप करा. तेही ‘अननोन कमांड’ म्हणालं तर इन्स्टॉल करताना तो भाग वगळला गेलाय, इन्स्टॉलर चालवून तेवढाच जोडा. एलटीमध्ये हा संच मिळत नाही.

तपासा: कमांड सुरू होते, पण मूळ कमांडसारखी वागत नाही, आणि टप्पा ५मध्येही कारण सापडलं नाही? नावाआधी पूर्णविराम देऊन टाइप करा. पूर्णविरामामुळे ऑटोकॅडची मूळ कमांडच चालते. ती नीट चालली तर एखाद्या लिस्पने ते नाव बळकावलेलं आहे. स्टार्टअप सूट रिकामा करा आणि एकेक फाइल परत घालत दोषी शोधा.

## टप्पा ७: बसवलेलं टिकवा

1. ‘डब्ल्यूएससेव्ह’ने वर्कस्पेस पुन्हा त्याच नावाने सेव्ह करा.
2. ‘ऑप्शन्स’च्या प्रोफाइल्स टॅबमध्ये ‘ॲड टू लिस्ट’ने स्वतःच्या नावाचं प्रोफाइल बनवा, ‘सेट करंट’ करा आणि एआरजी एक्स्पोर्ट करा.
3. ऑटोकॅड बंद करून उघडा. पडदा जसाच्या तसा आला, तरच पुढे.
4. नवी ‘कस्टम.सीयूआयएक्स’, पीजीपी, एआरजी आणि लिस्पचं फोल्डर सर्व्हरवर एका ठिकाणी ठेवा.

ऑफिसमधल्या बाकीच्या मशीनवर न्यायचं असेल तर आता टप्पा २मधलं सेटिंग्ज एक्स्पोर्ट-इम्पोर्ट वापरा, कारण सगळीकडे आवृत्ती एकच आहे. नुसती एआरजी नेली तर तिच्यात तुमच्या विंडोज खात्याच्या नावाचे पाथ राहिलेले असू शकतात. दुसऱ्या मशीनवर ते सापडत नाहीत आणि मेनू अर्धवट येतो.

सगळंच गुंतलं असेल तर स्टार्ट मेनूतल्या त्याच फोल्डरमधून ‘रीसेट सेटिंग्ज टू डिफॉल्ट’ चालवा. आधी बॅकअप घ्यायचा का विचारतं, हो म्हणा. मग टप्पा ४पासून सुरू करा. अर्धवट दुरुस्त करत बसण्यापेक्षा यात वेळ कमी जातो.

## टप्पा ८: जुनी आवृत्ती काढण्याआधीची शेवटची तपासणी

जुन्या प्रोजेक्टच्या एका ड्रॉइंगची प्रत घ्या. तिच्यावर क्रमाने करा: एक भिंत ट्रिम, एक ॲट्रिब्यूट असलेला ब्लॉक इन्सर्ट, एक हॅच, एक डायमेन्शन, मजकुरासकट एक मिरर, एक एक्सरेफ रीलोड, आणि जुन्याच सीटीबीने पीडीएफ. जुन्या आवृत्तीतून काढलेल्या पीडीएफशेजारी ठेवून रेघांची जाडी बघा. शीर्षकचौकटीतला मराठी मजकूर वाचून बघा. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं आली असतील तर फॉन्ट नव्या आवृत्तीला सापडलेला नाही, त्याचं फोल्डर सपोर्ट पाथमध्ये द्या.

मग सेव्ह करायचा फॉरमॅट. २०१३ ते २०१७ या आवृत्त्या २०१३चा डीडब्ल्यूजी फॉरमॅट लिहितात, २०१८ ते २०२५ या आवृत्त्या २०१८चा. तुमचा कन्सल्टंट अजून २०१४वर असेल तर तुमची नवी फाइल त्याच्याकडे उघडणारच नाही. ‘ऑप्शन्स’मध्ये ‘ओपन अँड सेव्ह’ टॅबवर ‘सेव्ह ॲज’समोर २०१३ निवडून ठेवा, म्हणजे रोज वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

कागदावरच्या यादीतल्या प्रत्येक कमांडसमोर खूण झाली, पीडीएफ जुळली आणि प्लगइन चाललं, की जुनी आवृत्ती काढायला हरकत नाही. टप्पा १मध्ये जमा केलेलं फोल्डर मात्र पुसू नका.